गडाखालच्या माणसाचं नाव

मागच्या महिन्यात गडमुडशिंगीच्या आमच्या अभ्यासवर्गात मी एक कविता वाचली. कविता माझीच. विषय होता १८४४ सालचं आपल्या कोल्हापुरातलं गडकऱ्यांचं बंड. गडकरी म्हणजे आपण, आणि आपण म्हणजे अमेरिकेतले रेड इंडियन, असं समीकरण मी धडाधड मांडून टाकलं होतं. गोरा आला, त्यानं जमीन घेतली, आपण लढलो, मेलो. टाळ्या पडल्या.

मग मागं भिंतीला टेकून बसलेला एकजण उठला. म्हणाला, "गडकरी म्हंजे आपण, हे तुला कुणी सांगितलं? गडावरच्या टाक्याचं पाणी आपल्याला शिवू देत हुते काय?" त्याच्या शेजारचा म्हणाला, "आणि गडावर चालून गेलेल्या गोऱ्याच्या फौजेत आपलाच आजा-पणजा हुता, त्याचं काय करतोस?"

मला उत्तर देता आलं नाही. टाळ्या वाजवणारेही गप्प झाले.

दोस्तांनो, कविता फाडून टाकणं सोपं होतं. पण गिरणीत धागा तुटला तर आपण बॉबिन फेकून देत नाही, टोक शोधून सांधतो. म्हणून माझ्याच कवितेची ही समीक्षा लिहितोय. कविता कुठं तुटली, आणि ज्या लिखाणावरून मी ती उचलली ते लिखाण कुठं तुटलेलं आहे, हे दोन्ही बघायचं आहे. कारण ही चूक माझ्या एकट्याची नाही. आपल्या पुष्कळ कविता अशाच टाळीवर उभ्या आहेत.

आधी घटना बघू. कोल्हापूरचा राजा तेव्हा अल्पवयीन होता. कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली, आणि कारभारी त्यांनीच नेमलेला, दाजी कृष्ण पंडित. गड राखणारे गडकरी पिढीजात. गडाभोवतीच्या जमिनी त्यांच्याकडं चाकरीच्या बदल्यात चालत आलेल्या, आणि त्या जमिनींचा हिशेब त्या त्या गडाकडं वेगळा. दाजी पंडितानं हा वेगळा कारभार मोडला आणि जमिनी मामलेदारांच्या हाताखाली घातल्या. कागदावर बघितलं तर एक हिशेब दुसऱ्या वहीत गेला, एवढंच. पण गडकऱ्यांना कळलं की हिशेब ज्याच्या वहीत, उद्या जमीन त्याच्या हातात. १८४४ च्या पावसाळ्यात सामानगडाचे दरवाजे आतून बंद झाले. भुदरगड पेटला. कर्नल ओव्हान्स हा इंग्रज अधिकारी पकडून पन्हाळ्यावर ठेवला गेला. शेवटी जनरल डेलामोटच्या फौजेनं १३ ऑक्टोबरला सामानगड घेतला आणि १ डिसेंबरला पन्हाळा. मग तटबंद्या पाडल्या आणि गडकऱ्यांची पिढीजात चाकरी संपली.

ही हकिगत १८८६ च्या कोल्हापूरच्या गॅझेटियरमध्ये आहे. माझ्या कवितेचं सगळं भांडवल तेवढंच. तिथं गडकरी बंडखोर आहेत आणि कारभार्‍याचं काम सुधारणा आहे. मी काय केलं? फक्त खुणा उलट्या केल्या. बंडखोराला वीर केलं, सुधारणेला लूट केलं. मला वाटलं मी इतिहास उलथवला. पण वजाचं अधिक केलं म्हणून आकडा बदलत नाही. गॅझेटियरनं ज्यांना मोजलं नव्हतं त्यांना मीही मोजलं नाही. 'गडकरी' हा शब्द त्यानं बंद पेटीसारखा ठेवला. मीही ती पेटी उघडली नाही, नुसता तिला हार घातला.

ती पेटी ज्यानं थोडी उघडून दाखवली तोही गोराच. ग्रँट डफ, साताऱ्याचा इंग्रज अधिकारी. १८२६ साली त्याचा मराठ्यांचा इतिहास छापला गेला. शिवाजी महाराजांच्या गडांची व्यवस्था सांगताना तो म्हणतो की प्रत्येक गडावर ब्राह्मण, मराठे, रामोशी, महार आणि मांग असत, आणि या सगळ्यांनाच मिळून गडकरी म्हणत. सगळ्यांना! गडाजवळच्या इनाम जमिनी आणि गडाची राखण बापाकडून लेकाकडं जायची. पुढं तो कामाची वाटणी सांगतो. रामोशी, महार आणि मांग गडाबाहेरच्या चौक्यांवर. बातमी आणायची, वाटांवर नजर ठेवायची, विचारपूस करणाऱ्याला भलतीकडं पाठवायचं, मागं रेंगाळलेल्या शत्रूला गाठायचं.

म्हणजे मागं बसलेल्या त्या दोस्ताला अर्धं उत्तर मिळालं. गडकरी म्हणजे आपणसुद्धा. पण आपली जागा दरवाजाच्या बाहेर, मेटावर, जंगलाच्या वाटेला. गावात गावकुसाबाहेर आणि गडावर तटाबाहेर. शत्रू आला तर पहिला वार अंगावर घेणारा, आणि विजय झाला तर दरबारात नसणारा. रक्ताला विटाळ नव्हता, पाण्याला होता.

डफचं हे एक वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आहे. त्याच्यानंतर साठ वर्षांनी गॅझेटियर आलं आणि पाच जातींचा एक शब्द झाला. आपल्याकडच्या देशभक्त लेखकांनी १८४४ ची गोष्ट स्वातंत्र्याचा पहिला हुंकार म्हणून सांगितली, तेव्हाही तो शब्द एकच राहिला. हुंकार गडाच्या माथ्यावरून निघाला. मेटावर कोण होतं, हे कुणी विचारलं नाही.

आता समुद्रापलीकडं जाऊ, कारण माझ्या कवितेचं दुसरं समीकरण तिकडचं होतं. रेड इंडियन हा शब्दच आधी तपासायला पाहिजे. कोलंबस भारत शोधायला निघाला आणि भलतीकडं पोचला. चूक त्याची, नाव त्यांना. मी ज्या लोकांवर कविता केली ते इरोक्वा. हे नावही बाहेरच्यांनी दिलेलं. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका, आणि पुढं त्यांना येऊन मिळालेले टस्करोरा, अशा राष्ट्रांचा हा संघ. ते स्वतःला हौडेनोसौनी म्हणतात, म्हणजे लांब घराची माणसं. एका लांब घरात अनेक चुली, तसा त्यांचा संघ. मी माझ्या कवितेत त्यांना एकदाही त्यांच्या नावानं हाक मारली नव्हती. जो कवी 'हरिजन' म्हटलं की पेटून उठतो, त्यानं दुसऱ्याला मात्र मालकानं दिलेल्या नावानं बोलवावं?

याच भाषाकुळातली माणसं सेंट लॉरेन्स नदीच्या काठी स्टाडाकोना नावाच्या गावात राहत. आजचं क्वेबेक शहर त्या जागेवर आहे. त्यांचा प्रमुख डोनाकोना. १५३४ च्या जुलैत फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए गास्पेच्या किनाऱ्याला लागला. ही माणसं तिथं मासेमारीला आली होती. त्यांच्यासमोर कार्तिएनं तीस फुटी लाकडी क्रूस उभा केला आणि त्यावर फ्रान्सच्या राजाचा जयजयकार कोरला. डोनाकोना होडीत बसून जहाजाजवळ आला. क्रूसाकडं बोट केलं, मग चहूकडच्या जमिनीकडं हात फिरवला आणि लांबलचक बोलला. भाषा कळत नसूनही कार्तिएला अर्थ कळला. त्यानंच लिहून ठेवलं आहे की, ही जमीन माझी आहे, मला न विचारता हे उभं करायचं नाही, असं त्याचं म्हणणं दिसलं. मग फ्रेंचांनी त्यांना जहाजावर ओढून घेतलं, खाऊ-पिऊ घातलं, आणि सांगितलं की क्रूस म्हणजे काही नाही, बंदर ओळखायची नुसती खूण आहे. जाताना डोनाकोनाची दोन पोरं बरोबर नेली.

नुसती खूण आहे. नुसता हिशेब आहे. दोस्तांनो, माझ्या कवितेत जे साम्य सापडायला पाहिजे होतं ते इथं आहे. गोरा रंग, तोफ आणि घोडा हे वरवरचं साम्य. खरं साम्य हे की घेणारा कधीच घेतो म्हणत नाही. तो खूण करतो, नोंद करतो, वही बदलतो. आणि अडाणी म्हणून ज्याची संभावना होते त्याला त्या खुणेचा अर्थ पहिल्या दिवशी कळतो. डोनाकोनाला कळला, सामानगडावर कळला.

पुढं १५३५-३६ च्या हिवाळ्यात कार्तिएचे लोक स्टाडाकोनाजवळ बर्फात अडकले. हिरड्या सडायचा रोग लागून पंचवीस माणसं मेली. डोनाकोनाच्या मुलानं एका झाडाची साल आणि पानं उकळून प्यायला सांगितली आणि बाकीचे वाचले. वसंत आला तसं कार्तिएनं डोनाकोनाला, त्याच्या मुलांना आणि आणखी काहींना, असं दहाजणांना पकडून फ्रान्सला नेलं. १५४१ साली तो परत आला तेव्हा एक लहान मुलगी सोडून बाकी सगळे परमुलखात मेलेले होते. आणि शाळेच्या पुस्तकात कार्तिए काय आहे? शोधक. तिथं राहणारा माणूस सापडतो, येणारा माणूस शोधतो. क्रियापद कुणाच्या हातात आहे ते बघा.

आता दुसऱ्या दोस्ताचा प्रश्न. गोऱ्याच्या फौजेत आपलेच लोक होते, त्याचं काय?

इथं माझी कविता सगळ्यात खोटी होती. मी एका बाजूला गोरे उभे केले आणि दुसऱ्या बाजूला आपण. पण अमेरिकेतही तसं नव्हतं. जुलै १६०९ मध्ये सॅम्युअल द शांप्लेन हा फ्रेंच माणूस एका सरोवराकाठी मोहॉकांवर चालून गेला. त्याच्याबरोबर फ्रेंच फक्त दोन. बाकी साठेक माणसं तिथलीच, त्यांत ह्युरॉनही होते, म्हणजे मोहॉकांच्याच भाषाकुळातले. शांप्लेनच्या बंदुकीच्या पहिल्या बारात दोन सरदार जागीच पडले. त्या युद्धाचं चित्र त्यानं १६१३ साली आपल्या पुस्तकात छापलं. चित्राच्या मध्यभागी एकटा शांप्लेन, बंदूक उगारलेला. आणि सरोवराकाठी काय? ताडाची झाडं! जिथं हिवाळ्यात सरोवर गोठतं तिथं ताड. चित्र काढणाऱ्यानं त्या मुलखाचं झाडसुद्धा बघितलेलं नाही, मग माणूस काय बघणार? ह्युरॉन त्या चित्रात केवळ गर्दी आहेत. ते का आले, मोहॉकांशी त्यांचं जुनं वैर काय, बंदुकवाल्याकडून त्यांना काय हवं होतं, हे चित्रात मावत नाही. ते फितूर नव्हते आणि कुणाची बाहुलीही नव्हते. त्यांचं स्वतःचं कारण होतं.

हेच आपल्याकडं लावा. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला कंपनीच्या फौजेत महार शिपाई पेशव्यांविरुद्ध लढले. बाबासाहेब १९२७ साली त्या स्तंभापाशी गेले. ज्याच्या राज्यात सावलीचा विटाळ होता त्याच्याविरुद्ध हातात शस्त्र मिळालं, हे त्या शिपायांचं कारण होतं. ते कारण समजून न घेता त्यांना इंग्रजांचे भाडोत्री म्हणणारा माणूस शांप्लेनच्या चित्रातला ताडच काढत बसलेला आहे.

पण गोष्ट तिथं थांबवता येत नाही. १८४४ ला गडांवर चालून आलं ते मुंबई इलाख्याचं लष्कर, आणि त्या लष्करात तेव्हा महारांची भरती होती. गडकऱ्यांच्या जुन्या व्यवस्थेत मेटावरही महार. म्हणजे एकाच महारवाड्याची वाट दोन्हीकडं गेलेली. मग आपण कुठल्या बाजूचे? अभ्यासवर्गात याच्यावर रात्रभर भांडण झालं. एक गट म्हणे गोऱ्यानं आपल्याला लष्कर दिलं, शाळा दिली. दुसरा म्हणे ते सगळं मतलबापुरतं.

मला वाटतं प्रश्नच उलटा विचारला पाहिजे. आपण कुणाच्या बाजूला होतो हे नंतर बघू. आपल्या बाजूला कोण होतं? काम संपल्यावर आपल्याला कुणी ठेवून घेतलं? गड पडले आणि मेटावरची चाकरी गेली. इकडं १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी लष्करात महारांची भरती बंद केली. ज्या लष्करात बाबासाहेबांचे वडील सुभेदार झाले त्याच लष्कराचं दार त्यांच्या लेकरांना बंद. दोन्ही मालकांनी आपल्याला वापरलं आणि दोन्ही मालकांनी हाकललं. एकाचे गोडवे गाऊन दुसऱ्याला शिव्या देणारी कविता अर्धीच खरी राहते.

आणि हाकलल्यावर काय झालं? इथं शब्दाचा कायदा होतो. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ साली त्याला आणखी धार लावली, मुंबई इलाख्यात आणला, बोटांचे ठसे घ्यायची तरतूद केली. जन्मानंच चोर. आपल्या कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांना गावात हजेरी द्यावी लागे. शाहू महाराजांनी १९१८ साली ती बंद केली. आता ही नावं पुन्हा वाचा. रामोशी, महार, मांग. डफच्या वाक्यात गडाबाहेरच्या चौकीवर जे तीन होते, तेच हजेरीच्या यादीत. ज्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून गड झोपत होता, त्याच्यावर नजर ठेवायला आता गाव जागं. कालचा पहारेकरी आजचा चोर. मधल्या काळात माणूस बदलला नव्हता, वही बदलली होती.

हजेरी हा शब्द मी रोज वापरतो. पाळीवर जाताना मशीनवर अंगठा ठेवतो, पगार त्याच्यावर निघतो. पण हे वाचल्यापासून अंगठा ठेवताना हाताला काहीतरी लागतं. आपल्यातल्या एखाद्या पोराला विचारा, हजेरी म्हणजे काय? तो म्हणेल शाळा, नाहीतर गिरणी. त्याच्या पणजोबाला विचारता आलं असतं तर तो घाबरून उभा राहिला असता.

म्हणून माझं समीक्षेबद्दल म्हणणं असं. लढाईची कुठलीही हकिगत समोर आली की तीन गोष्टी तपासायच्या. क्रियापद कुणाकडं आहे. नाव कुणी ठेवलं. आणि वाक्य कुठल्या दारापाशी थांबतं. पहिल्या दोन गोष्टी आपण आता शिकलोय. बंडाला उठाव म्हणतो, शोधाला लूट म्हणतो. तिसरी गोष्ट अवघड आहे, कारण वाक्य पुष्कळदा आपल्याच आवडत्या दारापाशी थांबतं. माझं तर गडाच्या महादरवाजापाशीच थांबलं होतं. मला गडावरचा वीर व्हायचं होतं.

हकिगत लिहिणारा कोण, हेही बघा. कार्तिएच्या सफरीची हकिगत कार्तिएकडची. शांप्लेनच्या लढाईची शांप्लेनची. उमाजी नाईकाला ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी दिली, आणि दुसऱ्याच वर्षी रामोशांवरचं पुस्तक निघालं. लिहिणारा कॅप्टन मॅकिंटॉश, उमाजीच्या पाठलागावर असलेला अधिकारी. शिकाऱ्यानंच वाघाचं चरित्र लिहायचं, आणि आपण त्यातून वाघ शोधून काढायचा! वाचायचं नाही असं मी म्हणत नाही. डफ वाचला नसता तर मला माझा मेट सापडला नसता. पण वाचताना शिकाऱ्याचं बोट कुठं आहे त्याचं भान पाहिजे.

आणि जिथं वहीतलं नाव स्वतः वही लिहायला बसलं आहे ते आधी वाचलं पाहिजे. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' घ्या. भीमराव गस्तींचं 'बेरड' घ्या, ते तर आपल्या शेजारच्या बेळगावकडचं. चोरी कुठंही होवो, पोलीस कुणाच्या वस्तीत शिरतात हे तिथं आतून कळतं. गॅझेटियर आणि 'बेरड' शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकात जमात आहे, दुसऱ्यात आई आहे, भूक आहे, मार आहे. माझ्या कवितेत यातलं काहीच नव्हतं. नुसती तलवार होती.

हौडेनोसौनींचंही शेवटी तसंच. १९२३ साली कायुगांचा एक प्रमुख डेस्काहे, आपल्या लोकांचा स्वतःचा पासपोर्ट घेऊन जिनेव्हाला राष्ट्रसंघाच्या दारात गेला. आम्ही कॅनडाची प्रजा नाही, आम्ही राष्ट्र आहोत, आमचं ऐका, एवढीच मागणी. त्याला बोलू दिलं नाही. तो तिकडं असतानाच १९२४ साली कॅनडाच्या सरकारनं त्यांची परंपरागत सभा बरखास्त केली. १९२५ साली तो मेला. १९३० साली बाबासाहेब लंडनला गोलमेज परिषदेत उभे राहिले आणि आपलं म्हणणं आपल्या तोंडानं मांडलं. डेस्काहेला दार उघडलं नाही, बाबासाहेबांना उघडलं, पण दोघांनी केलं एकच. दुसऱ्यानं लिहिलेल्या हकिगतीतून उठून ते स्वतः बोलायला गेले. रेड इंडियन आणि आपण यांच्यात नातं जोडायचंच असेल तर ते इथं जोडू. मरणाच्या साम्यावरून जोडलेलं नातं टाळीपुरतं टिकतं.

कविता मी पुन्हा लिहायला घेतली आहे. आता तिची सुरुवात गडावरून होत नाही. पावसाळ्यातली रात्र आहे, मेटावर एक माणूस घोंगडं घेऊन बसलाय. वर गडाचा दरवाजा बंद झाल्याचा आवाज त्याला ऐकू येतो. तो दरवाजाच्या बाहेर आहे. खालून फौज येणार आहे, आणि तिच्यात त्याच्याच भावकीतला कुणी असू शकतो. त्याला नाव द्यायचं आहे, ते अजून सुचलेलं नाही. डफनं दिलं नाही, गॅझेटियरनं दिलं नाही, मीही पहिल्या खेपेला दिलं नाही.

पुढच्या वर्गात वाचेन. टाळ्या नकोत. मागच्या भिंतीला टेकून बसा आणि पुन्हा विचारा.

जयभीम.